आईला सांभाळायच्या पाळ्या बंद करायच्यात, पण कसं ते सुचेना

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसता वाचत असतो, आज लिहायलोय कारण घरात ह्या विषयावर बोलायची सोय राहिली नाही.

आम्ही औसा तालुक्यातले. तीन भाऊ, एक बहीण. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या आणि त्यासोबतच आईच्या पाळ्या पण ठरल्या, आपल्याकडं असतंय तसं. थोरल्याकडं लातूरला एक महिना, मधल्याकडं पुण्याला एक महिना, मग माझ्याकडं गावात. अमावस्या झाली की पाळी बदलायची. चार-पाच वर्षं बिनबोभाट चाललं. खरं सांगायचं तर आईलाच बरं वाटायचं, नातवंडं भेटायची, लातूरला असली की सिद्धेश्वराची जत्रा व्हायची.

आता आई ७९ ची. दीड वर्षापासून विसरायली. लातूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून डिमेन्शिया सांगितलाय. तेव्हापासून पाळी बदलली की पुढचे आठ-दहा दिवस घरात नुसता गोंधळ. पुण्यात संडास बेडरूमच्या आत, लातूरला जिन्याखाली, माझ्याकडं अंगणाच्या कडेला, रात्री झोपेतून उठून त्या माउलीनं कुठलं घर ध्यानात आणायचं? मागच्या महिन्यात पुण्याहून आली, चौथ्या रात्री ज्वारीची पोती ठेवतो त्या खोलीत लघवीला बसली आणि उठताना पडली. कपाळाला चार टाके. खुब्याचं हाड वाचलं हे नशीब.

आणि तिची एक कापडी पिशवी आहे. दोन लुगडी, तांब्या, मिसरीची डबी, माळ. कायम बांधलेली. दिवसातून दहा वेळा विचारती, गाडी कधी हाय. घरी जायचंय म्हणती. मी म्हणतो आई हेच घर की. ती म्हणती हे नव्हं, माळवदाचं. आता ते मातीच्या छताचं माळवदाचं घर ९३ च्या भूकंपात गेलं, किल्लारी आमच्यापासून लांब नाही. ती भिंत पडली तवा आईनंच मला वढून भायेर काढलेलं.

थोरला म्हणतो तुझ्याकडंच ठेव, मी पैसे देतो. मधला म्हणतो ठरलंय ते ठरलंय, मी माझी पाळी चुकवत नाही. बायको काहीच बोलत नाही आणि मला त्याचंच जास्त भ्या वाटायलंय. कुणी ह्यातून गेलं असेल तर सांगा.

सिस्टर_नांदेड

दादा, आधी एक विचारते, बाकीचं नंतर. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कपाळाला मार लागून महिना झाला म्हणताय. म्हाताऱ्या माणसात डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि ते दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा कळून येतं. जास्त झोपायल्या, एका बाजूला झोक जायला लागला, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर डिमेन्शिया वाढला म्हणून बसू नका, सीटी करून घ्या.

मांजराकाठ

हो सिस्टर, इकोस्प्रिन चालू आहे. पडली त्याच दिवशी सीटी केला होता, नॉर्मल म्हणाले. पण परत लक्ष ठेवायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाकाठचा

आमच्या परभणीकडं पण हीच तऱ्हा. आमच्या चुलत्यानं तर पाळी संपली त्या दिवशी आजीला नातवासोबत मोटारसायकलवर आणून सोडली, पाऊस चालू असताना, कारण अमावस्या! आणि तिचं नाव रेशनकार्डावर थोरल्याच्याच, त्यामुळं तिचे ५ किलो धान्य बारा महिने तिकडं आणि म्हातारी चार महिने इकडं. त्या ५ किलोवरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून झाली नाहीत. हसू येतंय आता, तेव्हा नव्हतं येत.

सिस्टर_नांदेड

काल ड्युटी होती. आता सविस्तर लिहिते.

डिमेन्शियाच्या पेशंटला जागा बदलली की त्रास होतोच. चांगल्या माणसाला सुद्धा लॉजवर रात्री उठल्यावर दोन सेकंद कळत नाही आपण कुठं आहोत, त्यांना ते दिवसदिवस कळत नाही. जुनं घर त्यांना पायांनी पाठ असतं, नवीन घर पाठ होईपर्यंत तुमचा महिना संपतो. त्यामुळं पाळ्या बंद करायच्या हे तुमचं बरोबर आहे. पण तोवर हे करा: बाजेचं तोंड तिन्ही घरी एकाच दिशेला, तीच वाकळ, तोच तांब्या. बाजेपासून संडासापर्यंत रात्रभर लाइट. संडासाचं दार उघडंच ठेवा, आतलं दिसलं की लक्षात येतं. अंगणात रात्री जाऊच देऊ नका, बाजेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. झोपायच्या आधी एकदा आणि रात्री दोनच्या सुमारास एकदा उठवून बसवा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पाळ्यांच्या घरात मी हे कितीदा बघितलंय, लातूरचे डॉक्टर वेगळे, पुण्याचे वेगळे, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. एक आजी आमच्याकडं पाय सुजून आल्या. पिशवी उलटी केली तर बीपीच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या, नाव वेगळं, आत दोन्हीत अॅम्लोडिपिनच. दोन्ही चालू होत्या. सगळ्या स्ट्रिप घेऊन एकाच डॉक्टरकडं जा आणि एकच वही करा, ती वही त्या पिशवीतच राहू द्या.

तिसरं, एकाएकी दोन दिवसात गोंधळ वाढला तर तो डिमेन्शिया नसतो बऱ्याचदा. लघवीचं इन्फेक्शन बघा, सोडियम बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात सोडियम कमी झालेले म्हातारे वॉर्डात रांगेनं असतात, त्यातले निम्मे लघवी होण्याची गोळी असलेल्या बीपीच्या औषधावरचे. तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, मागतील म्हणून वाट बघायची नाही, ताक, आंबील, पातळ वरण देत राहायचं. आणि झोपेची गोळी मेडिकलवरून स्वतःहून आणू नका, रात्री पडायचं ते एक मोठं कारण आहे.

माळवदाच्या घराबद्दल, ते पडलं असं सांगू नका. त्यांच्यासाठी ते दर वेळी नव्यानं पडतं. घर कसं होतं, कोनाड्यात काय ठेवायचा, असं विचारा. बोलता बोलता निवळतात.

कायद्याचं_बोला

एवढं कशाला? २००७ चा कायदा आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण. प्रांताकडं अर्ज करायचा, महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी लावता येते, सगळ्या मुलांवर. मुलीवर पण. आईच्या नावची जमीन बक्षीसपत्रानं दिली असेल आणि त्यात सांभाळण्याची अट असेल आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. एक नोटीस गेली की मधला सरळ येतो.

मांजराकाठ

मधला पैसे द्यायला तयारच आहे हो, त्याला आईच पाहिजे. नोटीस काय पाठवू, आईला सांभाळतो म्हणून?

निलंग्याची_लेक

मला ह्या धाग्यात एक दिसंना. बहीण आहे म्हणालात सुरुवातीला, पुढं तिचं नावच नाही. तिला विचारलं का?

आमच्यात मी एकटी बहीण, दोन भाऊ. वडील गेल्यावर तलाठ्याकडं जाऊन हक्कसोड लिहून दिली, भावांनी साडी नेसवली, झालं. मग आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी म्हणाले मी नेते. तर भाऊ म्हणायले लेकीच्या दारात आई मेली तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. सव्वा वर्ष ती पाळीपाळीनं दोन घरात पडून होती आणि मी दर रविवारी एसटीनं जाऊन न्हाऊ घालायचे. पाठीवर माकडहाडापाशी हाताचा तळवा बसेल एवढी जखम. का, तर वहिनीला वाटायचं मधे भोक असलेली रिंग लावली की पुरे आणि लाल झालं की पावडर लावून चोळायची. दोन्ही चुकीचं हे मला ड्रेसिंगला येणाऱ्या ब्रदरनं सांगितलं. दर दोन तासाला कूस, हवेची गादी, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते. लाल जागा चोळायची नाही.

शेवटी माझ्याकडंच आणली. पाच महिने राहिली. लोक काही बोलले नाहीत, लोकांना वेळ नसतो. बहिणीला फोन करा.

बालाघाट

मी सध्या ऊसतोडीला कारखान्यावर, कोपीतून म्हणजे झोपडीतून लिहायलो. आम्ही दिवाळी झाली की निघतो ते मार्च-एप्रिलात गावाकडं. अण्णा ७४ चे, उजवी बाजू लकव्यानं गेलेली, त्यांना उसात आणता येत नाही. गावात अण्णा आणि माझी अकरा वर्षाची पोरगी. ती भाकरी करती, शाळेत जाती, त्यांना काठीला धरून संडासला नेती. शेजारच्या काकूकडं चावी. आशाताई आठवड्याला बीपी बघून फोन करती, मोठं उपकार. श्रावणबाळचे १५०० येतात त्यात गोळ्या आणि डायपर, डायपर फक्त रात्री. एकदा पोरगी तापली तेव्हा इकडून काय करावं कळंना, १४५६७ ला लावला, म्हाताऱ्यांच्या मदतीचा फोन आहे, माहिती नीट दिली, पण अण्णांना पाणी पाजायला फोन येणार नाही ना.

तुमच्याकडं आईसाठी तीन घरं आहेत दादा. राग मानू नका.

मांजराकाठ

राग कशाचा भाऊ. पोरीला सांगा लई मोठी झाली म्हणावं.

रिटायर्ड_मास्तर

मी पलीकडच्या बाजूनं लिहितो. वय ७६, सहा महिने नांदेडला, सहा महिने हैदराबादेत, म्हणजे पाळीवरचाच. डोकं अजून शाबूत आहे.

पाळीवरच्या माणसाचं कपाट नसतं. सून चांगली आहे, जागा करून देते, हे कपाट तुमचं बाबा. पण सहा महिन्यांनी परत आलो की त्यात नातवाचं क्रिकेटचं सामान असतं, साहजिकच. त्यामुळं मी बॅगेतून कपडे काढायचंच सोडलं. तुमच्या आईची पिशवी वाचून मी थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवला. ती आजारातून आली असेल, पण आजार नव्हता तेव्हा पण ती पिशवी होती का, आठवून बघा.

आमचे वडील शेवटी शेवटी रझाकार आले म्हणून कडी लावायचे. १९४८ ला ते तरणेताठे. आम्ही समजावून समजावून थकायचो. आई मात्र उठायची, दाराला कान लावायची आणि म्हणायची, गेले हो ते, झोपा आता. लगेच झोपायचे. सिस्टर म्हणतात ते आमच्या आईला शिकवल्याशिवाय येत होतं.

पिंपळवाला_पुणेकर

मी मधल्या भावाच्या जागचा, मूळचा धाराशिवचा, वन बीएचके, चौथा मजला. पुण्यातल्यांना शिव्या घालायच्या आधी ऐका. दोघंही नोकरीला, आई दिवसभर आतून कडी लावून. पण पाळी सोडवत नाही, कारण पाळी सोडली की गावात नाव जातं आणि त्याहून जास्त म्हणजे आई नजरेआड गेली की आपण तिला विसरून जाऊ ही भीती असते. पैसे पाठवणं लई सोपंय, म्हणूनच पाठवावंसं वाटत नाही. तुमच्या मधल्याचं पण तसंच काही असेल.

गोदाकाठचा

मग आई गावात ठेवा आणि वहिनींना मदतीला एक मावशी लावा, विषय संपला. ७० च्या पुढं वय आहे तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड पण काढून ठेवा, ५ लाखापर्यंत दवाखान्याचा खर्च, उत्पन्नाची अट नाही. पण ते अॅडमिट झाल्यावरच, घरातल्या मावशीचा पगार त्यात बसत नाही.

मांजराकाठ

नमस्कार. मी ह्यांची बायको. फोन ह्यांचा आहे, धागा ह्यांनीच वाचायला दिला.

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. गावातच ठेवा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी पहाटे पाचला उठते, धारा, दोन पोरांचे डबे, मग आत्याबाईंचं. अंघोळीला नको म्हणतात, मारतात पण, ते आजाराचं आहे हे मला कळतं. मिसरीची डबी स्वतःच कुठंतरी ठेवतात आणि शेजारच्या आजीला सांगतात सुनंनं चोरली, जेवायला देत नाही. आजी बाहेर चार जणींना सांगती. ते आजाराचं आहे हे त्या चार जणींना कळत नाही. रात्री मीच उठते. ह्यांचं म्हणणं आईला बाईमाणसानंच बघावं. कमरेत उसण भरून महिना झाला, ह्यांच्या लक्षात आहे का विचारा.

माझी पण आई आहे, उदगीरकडं. तिला दोन वर्षात मी तीन वेळा भेटले, तीनही वेळा एका दिवसात परत, कारण माझ्या घरी पाळी चालू.

मी नाही म्हणत नाहीये. त्या भूकंपात ह्यांना ओढून काढणारी बाई आहे ती, मला माहीत आहे. पण पाळी बंद करायची असेल तर फक्त आत्याबाईंची बंद करू नका. आता ह्या तीन भावांची पाळी लावा. त्यांनी इकडं यायचं. रात्र ह्यांनी करायची, लुगडं बदलायला शिकायचं, मी शिकवते. मधले भावजी महिन्याला चार दिवस इथं येऊन राहतील, एकटे, जाऊबाईंना पाठवून नाही. ताईंना बोलवा, त्या यायला तयार आहेत, मला फोनवर कितीदा म्हणाल्यात, भावांना सांगायची चोरी. सकाळी अंघोळीला बाई लावायची आणि तिचे पैसे एक तारखेला माझ्या खात्यावर. आणि पंचमीला मी पंधरा दिवस माहेरी जाणार.

एवढंच. भाकरी टाकायची राहिलीय.

निलंग्याची_लेक

वहिनी, 🙏

सिस्टर_नांदेड

कमरेसाठी: त्यांना उठवताना काखेत हात घालून उचलू नका, तुमची कंबर जाते आणि त्यांचा खांदा. बाजेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून बसवा, तुमचे गुडघे वाकवा, त्यांच्या कमरेला टॉवेल गुंडाळून तो धरा, एक-दोन-तीन म्हणून त्यांनाच उठू द्या. अंघोळ रोज पाहिजे असं नाही. ज्या दिवशी मारायला उठतात त्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसा, बास. मिसरीच्या तीन डब्या आणून ठेवा, एक हरवली की दुसरी सापडली म्हणायचं.

दादा, तुम्ही वाचताय ना?

मांजराकाठ

वाचतोय.

रिटायर्ड_मास्तर

सात आठवडे झाले, काही कळवलं नाही. आई कशा आहेत?

मांजराकाठ

आहे बरी. सांगायचं राहूनच गेलं.

येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला शेतात जेवायला, सगळे गावाकडं येतातच, मग शेतातच विषय काढला. आईला बाजेसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेलेलं. भज्जी खाल्ली, आंबील दोन वाट्या पिली, कडब्याची कोप केलेली ती बघून म्हणली औंदा कडबा चांगलाय. बाकी तिला आमच्यातलं कुणी वळखलं का नाही सांगता येत नाही, बहिणीला मात्र नावानं हाक मारली. त्याच्यानंच निम्मं काम झालं. बायकोनं इथं लिहिलेलं मी भावांना तिथंच मोबाइलवर वाचून दाखवलं. थोरला खाली बघत होता. मधला चिडला, म्हणला असं चव्हाट्यावर लिहितात का. वहिनी म्हणल्या मग कुठं लिहायचं. पुढं कुणी बोललं नाही, जेवणं झाली.

आता आई इथंच. अंगणातला संडास लांब पडतो म्हणून पडवीत एक कमोड बसवून घेतला, थोरल्यानं पैसे दिले. सकाळी गावातलीच एक बाई दोन तास येती. बहीण पंधरा दिवसाला येती, दोन दिवस राहती, तेव्हा बायको झोपती, नुसती झोपती. रात्र माझी. पहिल्यांदा लुगडं बदलायचं तेव्हा लाइट बंद करून केलं, सगळं गुंतलं. आता येतंय. डॉक्टर एकच केलाय, दोन गोळ्या कमी झाल्या, सीटी परत केला, ठीक आहे.

मधला आला मागच्या महिन्यात चार दिवस. लॅपटॉप घेऊन, पाण्याच्या टाकीवर चढून मीटिंग करायचा, तिथंच रेंज येती. पहिल्या रात्री पडवीत तोच झोपला आईपाशी. तीन वाजता मला उठवायला आला, म्हणला ती मला आबा म्हणायलीय, आपल्या आजोबाला म्हणायची तसं, काय करू. मी म्हणलं ओ दे. परत जाऊन बसला. सकाळी काही बोलला नाही, पाळीचा विषय पण त्यानं परत काढला नाही.

निलंग्याची_लेक

आणि पिशवी?

मांजराकाठ

हाय की. बायकोनं खुंटीला टांगली, तिला दिसंल अशी. काढून ठेवली होती एकदा तर दिवसभर रडली. मधल्याची गाडी दारात आली की पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसती. पहिल्यांदा उतरवायला गेलो तर हाताला चावली. मग सिस्टरला मेसेज केला, त्या म्हणल्या चक्कर मारून आणा. आता मधला तिला घेऊन वेशीपर्यंत जातो, मारुतीपाशी गाडी वळवतो, परत दारात. उतरताना म्हणती, आलं बाई घर.

बालाघाट

लई भारी दादा. एक विचारायचं होतं, ती कमोडची खुर्ची कुठून घेतली? अण्णांसाठी बघायलोय, एका हातानं धरून बसता येईल अशी पाहिजे.

मांजराकाठ

बसवायच्या आधी लातूरला सर्जिकलच्या दुकानातून महिन्याच्या भाड्यानं आणली होती. हात टेकायला दोन्ही बाजूंनी दांडे आहेत. चाकाची घेऊ नका, सरकती. आमची आता रिकामीच पडलीय, दुकानदाराला विचारून बघतो विकत देतो का. गावाचं नाव मेसेज करा, एसटीत टाकून देतो.